शिल्लक किती महिन्यांची?

वाचकाचं पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची आहे. नऊ वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतेय. घरातलं वॉशिंग मशीन, फ्रिज, गिझर असं काही बिघडलं की भरवशाचा माणूस सापडत नाही आणि सापडला तर सांगितलेल्या वेळेला येत नाही. म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणीने एक अ‍ॅप काढायचं ठरवलंय. ग्राहक आणि कारागीर यांची गाठ घालून द्यायची आणि प्रत्येक कामामागे आपला थोडा हिस्सा ठेवायचा. अ‍ॅप बनवणाऱ्याने कोटेशन दिलंय, चार महिने लागतील म्हणतो. महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत आहे. माझ्या महिन्याच्या खर्चाच्या चौदापट पैसे मी साठवलेत. कोटेशन त्याच्या निम्मं आहे. मैत्रिणीकडे पैसे नाहीत, ती वेळ देणार. माझा फोन चार वर्षांचा झालाय, दुपारपर्यंत चार्जिंग उतरतं. टेक्नॉलॉजीच्या धंद्यात असा फोन घेऊन लोकांसमोर कसं जायचं? नवा घ्यावा म्हणते. तो साधारण सव्वा महिन्याच्या खर्चाएवढा पडेल, पण बारा हप्त्यांत मिळतो. दादा म्हणतो, ऑनलाइन धंदे म्हणजे फुगे, दहातले नऊ बुडतात, आणि मोबाइलवाले आपल्याला लुटायलाच बसलेत. नोकरी सोडू की दादाचं ऐकू?

उत्तर:

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुम्ही शिल्लक, कोटेशन, फोन सगळं महिन्यांच्या खर्चात मोजून सांगितलंत. हिशेबात मुरलेल्या माणसाची ही सवय आहे आणि या व्यवहारात तीच तुमच्या कामी येणार आहे. फक्त वजाबाकी अर्ध्यावर सोडलीत, ती पुरी करते.

चौदा महिन्यांची शिल्लक. त्यातले सात महिने अ‍ॅपला गेले, उरले सात. सव्वा महिना फोनला, उरले पावणेसहा. अ‍ॅप तयार होईपर्यंतचे चार महिने पगार नाही, घरखर्च चालूच. म्हणजे अ‍ॅप लोकांच्या हातात पडेल त्या सकाळी तुमच्याकडे पावणेदोन महिने शिल्लक असतील. फोन हप्त्यांवर घेतलात तर हातात थोडे जास्त दिसतील, पण उरलेले हप्ते डोक्यावर असतीलच. आणि तोवर तुमच्यामुळे एकाही घरातलं मशीन दुरुस्त झालेलं नसेल, एकाही ग्राहकाने तुम्हाला पैसे दिलेले नसतील. धंद्याची खरी परीक्षा सुरू होईल तेव्हा गंगाजळी आटलेली असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार: हे महिने तुमचं भांडवल आहेत. पहिला पैसे देणारा ग्राहक येण्याआधी त्यातला एकही खर्चू नका.

आता दादांकडे वळते. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण फुगे खरंच फुटलेत आणि माणसं पोळली आहेत. अमेरिकेच्या शेअर बाजारातला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत खाली आला. ती उंची पुन्हा गाठायला त्याला १५ वर्षं लागली. पण त्याच पडझडीतून गेलेल्या दोन कंपन्या शेजारी ठेवून बघा. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने १९९९ मध्येच, ग्राहक पुरेसे मिळतील की नाही हे कळायच्या आत, प्रचंड गोदामं उभारण्याचं सुमारे १ अब्ज डॉलरचं काम बेक्टेल या बांधकाम कंपनीला देऊन टाकलं. जुलै २००१ मध्ये वेबव्हॅनने दिवाळखोरी जाहीर केली. अ‍ॅमेझॉनचा शेअरही नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला होता. मात्र फेब्रुवारी २००० मध्ये, बाजार कोसळायच्या तोंडावर, त्या कंपनीने रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. त्या पैशाने तिला तग धरायला वेळ मिळाला, आणि त्या वेळात तिने आपल्या चुका निस्तरल्या. दोन्ही कंपन्या ऑनलाइनच माल विकत होत्या. एकीने आपले महिने सिमेंटमध्ये ओतले, दुसरीने गाठीला बांधले.

‘दहातले नऊ बुडतात’ हे वाक्यही तपासून घ्या. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याकडे नव्या व्यवसायांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. त्यांत साधारण पाचातला एक व्यवसाय पहिल्याच वर्षी बंद पडतो आणि पाच वर्षांनी निम्म्याच्या आसपास टिकून असतात. ही नोंद सगळ्या प्रकारच्या व्यवसायांची आहे, नुसत्या अ‍ॅपवाल्यांची नव्हे. तरी पाच वर्षांत निम्मे बंद पडणं हा धोका काही लहान नाही. दादांना हा आकडा दाखवा आणि सांगा की भीती खरी आहे, तुम्ही ती मोजायला बसला आहात. घरातला एक माणूस काळजीने विरोध करतोय, त्याला शत्रू करू नका. पहिल्या कामांचा हिशेब बघायला त्यांनाच बोलवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी दोन मित्रांबरोबर जुनी पुस्तकं ऑनलाइन विकायचा उद्योग केला होता. आठ महिने आम्ही संकेतस्थळ बांधत होतो. वर्गवारी कशी असावी, बटण डावीकडे की उजवीकडे, मुखपृष्ठाचा फोटो केवढा, यावर रात्री जागवल्या. सुरू झालं त्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, ‘पानं नुसती पिवळी पडलीत की हात लावला की तुटतात?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा फोन तोच, त्याच्या पुढचाही तोच. ग्राहकाला आतल्या पानांचा फोटो हवा होता आणि आमच्या देखण्या संकेतस्थळात फक्त मुखपृष्ठाला जागा होती. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात, दहा पुस्तकं आणि एक फोन एवढ्यावर कळलं असतं. कळलं तेव्हा ते बदलायला लागणारे पैसे आम्ही आधीच खर्चून बसलो होतो. चांगलं चालू शकलं असतं असं काहीतरी आम्ही घाईने मारलं, याचं वाईट मला अजून वाटतं. तुमच्या पत्रातली महिनाअखेरची मुदत वाचली आणि म्हणून मी लगेच लिहायला बसले.

फोनचं सांगते, कारण ते सोपं आहे.

चार वर्षांच्या फोनचं चार्जिंग दुपारी संपतं तेव्हा बहुतेक वेळा फोन म्हातारा झालेला नसतो, बॅटरी झालेली असते. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक पूर्ण फेरीला, म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरण्याइतक्या वापराला, थोडी झिजते. अ‍ॅपलचंच उदाहरण घ्या. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत आणि आयफोन १५ पासून १,००० फेऱ्यांनंतर, असं कंपनी स्वतः सांगते. रोज एक फेरी धरली तर चार वर्षांत चौदाशेच्या वर होतात. तुमच्या बॅटरीने तिचं काम चोख केलंय, आता ती थकलीय.

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी झिजलेले जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला जात होता. लोक भडकले. मग कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर निम्म्याहून खाली आणला. ज्यांनी बॅटरी बदलली त्यांचे फोन पुन्हा पूर्ववत पळू लागले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात नवे फोन अपेक्षेपेक्षा कमी विकले जाण्याची जी कारणं दिली, त्यांत स्वस्तात बॅटरी बदलून मिळणं हे एक होतं. यात दादांच्या बोलण्यातलं तथ्य आहे आणि त्यावरचा उपायही आहे. लुटतात म्हणून चिडण्यापेक्षा बॅटरी बदलून घ्या.

सेटिंग्जमध्ये बॅटरीची स्थिती दिसत असेल तर आधी ती बघा. कुठलं अ‍ॅप मागे चालू राहून चार्जिंग खातंय तेही तिथेच कळतं. फोन टेबलावर पालथा ठेवून तो डुगडुगतो का, स्क्रीनच्या कडेला फट पडलीय का, हेही बघा. मी एका दुरुस्तीच्या दुकानात बसलेली असताना कारागिराने असाच एक फोन उघडला होता. कडा गरम करून, पातळ पट्टी सरकवत त्याने मागचं झाकण हळूच वर घेतलं. आतली बॅटरी छोट्या उशीसारखी फुगलेली होती. तो दोन मिनिटं नुसता बघत बसला, मग म्हणाला, ‘हिला टोचलं तर पेट घेईल.’ तुमची तशी दिसली तर फोन चार्जिंगला लावूच नका, त्याच दिवशी दुकानात न्या. नाहीतर नेहमीसारखी बदलून घ्या. खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो.

फोन बदलायचं एक खरं कारण असतं, सुरक्षेचे अपडेट बंद होणं. तुम्ही लोकांचे पत्ते, नंबर, पैशांचे व्यवहार त्या फोनवर ठेवणार आहात, तेव्हा हे नक्की बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या गूगलच्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन आहे, पण पूर्वीच्या बऱ्याच फोनांना दोन-तीन वर्षंच मिळत. तुमच्या फोनचे थांबले असतील तर बदला. त्यातही यंदाचंच मॉडेल हवं असं नाही. गेल्या वर्षीचं किंवा खात्रीच्या ठिकाणाहून दुरुस्त करून विकलेलं चालेल, फक्त अपडेटची किती वर्षं शिल्लक आहेत ते विचारून घ्या.

लोक काय म्हणतील, ही शंका मात्र मनातून काढून टाका. मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली. बटणांचे साधे फोन, मेसेजवर पाठवलेले पैसे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेला एजंट, एवढीच तिची सामग्री. बँकेत खातं नसलेली लाखो माणसं तिच्यावरून पैसे पाठवू लागली. पैसे पोचतात की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. गिझर बंद पडलेल्या माणसालाही कारागीर कधी येतोय एवढंच ऐकायचं असतं.

मोबाइलच्या महिन्याच्या खर्चाबद्दल दोनच वाक्यं. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती डेटा वापरलात ते फोनमध्ये बघा आणि तेवढ्याचाच प्लॅन घ्या. कार्डावर दर महिन्याला आपोआप पैसे कापणारी सभासदत्वं एका कागदावर लिहून काढा, ज्याचं नाव आठवायला वेळ लागला ते बंद करा.

हप्त्यांवर जरा थांबते, कारण हिशेब विभागातल्या माणसांनाही इथे चकवा बसलेला मी पाहिलाय. समजा १२,००० चं कर्ज, दर १२ टक्के, मुदत वर्षाची. सरळ दराने व्याज १,४४०, म्हणून महिन्याचा हप्ता १,१२०. वाटतं, १२ टक्केच तर आहेत. पण पूर्ण १२,००० तुमच्याकडे फक्त पहिल्या महिन्यात असतात. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, शेवटच्या महिन्यात जेमतेम हजाराच्या आसपास उरतं, तरी व्याज मात्र पूर्ण रकमेवर वर्षभराचं धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. ‘बिनव्याजी’ असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आत्ता रोख दिले तर किती? तो जेवढे कमी सांगेल तेवढं व्याज. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. शिवाय पगार चालू असताना घेतलेला हप्ता पगार थांबल्यावर थांबत नाही. ज्या बाईला नोकरी सोडायचीय तिने पुढचे बारा महिने आधीच कुणाला लिहून देऊ नयेत. ऋण काढून सण करायचे हे दिवस नव्हेत.

आता अ‍ॅप.

तुमची कल्पना मला आवडली. गरज खरी आहे आणि ती तुम्ही स्वतः सोसलीय. पण गरज खरी असणं आणि त्यातून धंदा उभा राहणं यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर अ‍ॅपने कापलं जात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी पालो आल्टो या गावात घरपोच जेवण द्यायचं ठरवलं. एक साधं पान टाकलं, त्यावर रेस्टॉरंटच्या मेनूच्या पीडीएफ फाइल आणि स्वतःचा फोन नंबर. फोन आला की ऑर्डर लिहून घ्यायची आणि आपल्याच गाडीतून नेऊन द्यायची. पुढे त्याचीच डोअरडॅश ही घरपोच जेवण देणारी मोठी कंपनी झाली. ते पान बनवायला त्यांना फार वेळ लागला नाही, त्यामुळे सगळा वेळ कोण मागवतं, कधी मागवतं आणि कुठे घोडं अडतं हे शिकण्यात गेला.

तुमचं ‘पान’ म्हणजे तुमचा फोन, मेसेजचं व्यवसायासाठीचं मोफत खातं आणि एक वही. तुम्हाला माहीत असलेले तीन चांगले कारागीर निवडा. ओळखीच्या पन्नास घरांना निरोप द्या की काही बिघडलं तर या नंबरवर कळवा. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी हे सांभाळा, दिवसभराचे फोन मैत्रीण घेईल. नोकरी सोडायची नाही. मात्र नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का ते आज रात्रीच वाचून काढा.

वहीत प्रत्येक कामाची एक ओळ. काय बिघडलं. फोन कधी आला, कारागीर कधी पोचला. ग्राहकाने किती दिले, त्यातले कारागिराला किती, सुट्या भागांना किती, तुम्हाला किती. तुमची किती मिनिटं गेली. आणि शेवटचा रकाना, जो सगळ्यात महत्त्वाचा: त्याच घरातून पुढचा फोन आला का, आणि तो तुम्हाला आला की थेट कारागिराला?

त्या शेवटच्या रकान्यापाशीच हा धंदा अडतो. घरकामाला माणसं पाठवणारी होमजॉय नावाची अमेरिकन कंपनी होती. तिच्या संस्थापिकेने काम शिकायला स्वतः एका सफाई कंपनीत नोकरी केली होती, इतकी ती मनापासून उतरली होती. गुंतवणूकदारांनी भरपूर पैसे दिले. पहिली सफाई अगदी स्वस्तात देऊन कंपनीने ग्राहक जमवले, पण स्वस्तात आलेले पुष्कळसे परत आले नाहीत. कामगार नोकर आहेत की स्वतंत्र कंत्राटदार यावरून खटले उभे राहिले. जुलै २०१५ मध्ये कंपनी बंद झाली. अशा व्यवहारात आणखी एक गळती असते. ग्राहक आणि कारागीर एकदा भेटले, एकमेकांना आवडले, की नंबर घेतात आणि मधला माणूस गळून पडतो. त्यांना दोष देता येत नाही, आपणही तेच करू.

मग ग्राहकाने दुसऱ्यांदा तुम्हालाच का फोन करावा? याचं उत्तर तुम्हाला शोधायचंय आणि ते कोडमध्ये सापडणार नाही. मला सुचतं ते सांगते. दुरुस्त केलेलं मशीन तीस दिवसांत त्याच कारणाने पुन्हा बंद पडलं तर दुसरी फेरी फुकट. सुट्या भागाचं बिल आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात. कारागीर आजारी असला तर त्याच दिवशी दुसरा हजर. एकटा कारागीर यातलं फारसं देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. कारागिरालाही तुमच्याजवळ राहायला कारण हवं. एकाच भागातली कामं एकापाठोपाठ लावून दिलीत, त्याचा दिवस वाया गेला नाही आणि पैसे त्याच संध्याकाळी हातात पडले, तर तो थोडक्या कमिशनसाठी तुम्हाला सोडणार नाही. काम करताना नळ तुटला, फरशी फुटली तर भरपाई कोणाची, हेही पहिल्या दिवशीच तिघांत ठरवून घ्या.

दुसरी अडचण वारंवारतेची. वॉशिंग मशीन रोज बिघडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी बिघडेल तोवर ग्राहक तुमचं नाव विसरलेला असेल आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून अ‍ॅप कधीच काढून टाकलेलं असेल. म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने जाहिरात, नव्याने खर्च. काम १०० चं असेल आणि तुमचा हिस्सा १५ असेल, तर त्यातले दोन-तीन ऑनलाइन पैसे घेण्याच्या शुल्कात जातील. उरलेल्या बारा-तेरात जाहिरात, तुमची मिनिटं आणि तीस दिवसांची हमी बसवायचीय. म्हणून मी तुमच्या जागी असते तर एका घरातल्या एका मशीनमागे न लागता जिथे पुष्कळ मशीनं एका छताखाली आहेत तिकडे गेले असते. वसतिगृहं, छोटी हॉटेलं, दवाखाने, मोठ्या इमारती. त्यांच्याकडे दर महिन्याला काही ना काही बिघडतं, पैसे देणारा एकच माणूस असतो आणि त्याला वर्षाचा करार हवाच असतो. अशी चार ठिकाणं मिळाली तर घरगुती ग्राहक त्यांच्या आधाराने सावकाश वाढवता येतील. हे माझं मत आहे. तुमची वही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐका.

पन्नासेक कामांची नोंद झाली की कुठलं काम हाताने करताना तुमचा जीव मेटाकुटीला येतो ते दिसेल. कदाचित वेळा लावणं असेल, कदाचित पैशांचा हिशेब. तेवढ्यापुरतं सॉफ्टवेअर करून घ्या. ते सात महिन्यांच्या खर्चाचं नसेल. तेव्हा करार करताना कोड कोणाच्या मालकीचा हे लिहून घ्या, अ‍ॅप स्टोअरची खाती स्वतःच्या नावे काढा (अ‍ॅपलकडे दर वर्षी ९९ डॉलर, गूगलकडे एकदाच २५) आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या. अ‍ॅप एकदा बांधून संपत नाही, फोनची प्रणाली दर वर्षी बदलते आणि अ‍ॅपही त्याबरोबर बदलावं लागतं. कोटेशनमध्ये त्या खर्चाची ओळ आहे का बघा. नसेल, तर ते कोटेशन अर्धवट आहे.

मैत्रिणीबद्दल पत्रात तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, मला मात्र तिथे सगळ्यात जास्त काळजी वाटली. ‘ती वेळ देणार’ म्हणजे किती? नोकरी सांभाळून की सोडून? सहा महिन्यांनी तिला दुसरीकडे चांगली संधी आली आणि ती गेली, तर तिचा वाटा राहतो का? नव्या कंपन्यांत एक रूढ पद्धत आहे. वाटा चार वर्षांत थोडा थोडा हक्काचा होतो आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडून गेल्यास काहीच मिळत नाही. हीच घ्या असं नाही, पण जे ठरेल ते आत्ता, दोघींची मनं मोकळी असताना, कागदावर लिहून दोघींनी सही करा. धंदा बुडाल्याचं दुःख ओसरतं. पैशावरून तुटलेली मैत्री परत सांधताना मी फार कमी लोकांना पाहिलंय.

नोकरी कधी सोडायची? लागोपाठ तीन महिने या कामातून तुमच्या घरखर्चाच्या निम्मे पैसे हातात पडले आणि तुमची चौदा महिन्यांची शिल्लक तोवर शाबूत असली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी तुम्हाला थांबवणार नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्याला आज दोन ओळी लिहा: कोटेशन मिळालं, आभार, पण आम्ही काही महिने हाताने काम करून बघणार आहोत, गरज ठरली की संपर्क करू. महिनाअखेरची सवलत जाऊ द्या. सात महिन्यांच्या पैशांपुढे ती काहीच नाही, आणि ज्याला तुमचं काम हवंय तो पुढेही दर बोलायला तयार होईल.

आणि फोनची बॅटरी या आठवड्यातच बदलून घ्या. वसतिगृहातला गिझर बंद पडून तिथल्या व्यवस्थापकांचा तुम्हाला पहिला फोन येईल, तो बहुधा भर दुपारीच येईल.